सुगीरावांची वामकुक्षी

सुगीराव आमच्या घरी पहिल्यांदा आले ते नळाचं पाणी बघायला.

ब्राउनश्वाइगमधल्या या वोनुंगमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, आम्ही राहायला आलो, त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात साठीच्या जरा अलीकडचे एक जपानी गृहस्थ, हातात घडी घातलेला पांढरा टॉवेल. कमरेत वाकून त्यांनी टॉवेल मीनलच्या हातात दिला आणि म्हणाले, "सुगिउरा. खालचा मजला." मीनल, म्हणजे माझी बायको, आत वळून ओरडली, "अहो, खालचे सुगीराव आलेत!" झालं. बारसं तिथल्या तिथे उरकलं. सुगी म्हणजे पीक हाताशी येण्याचे दिवस आणि राव म्हणजे तुमचं 'सान', असं मी पुढे त्यांना समजावलं, तेव्हा ते इतके खूश झाले की लेटरबॉक्सवर तेच नाव लावू का म्हणून विचारायला लागले. जर्मनीत लेटरबॉक्सवरचं नाव बदललं की पोस्टमनच्या लेखी तुम्ही वारलात. मी घाईघाईने नको म्हटलं.

तर टॉवेल देऊन झाल्यावर ते म्हणाले, "आपल्या नळाचं पाणी बघू का?"

इथला शेजारी पहिल्या भेटीत दोनच विषय काढतो: कुठला कचरा कुठल्या डब्यात, आणि रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही. पाणी बघू द्या म्हणणारा हा पहिलाच. मीनलने त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेलं. त्यांनी नळ सोडला, धारेत करंगळी धरली, डोळे मिटले, आणि वैद्य नाडी बघतो तसं बराच वेळ पाणी बघितलं.

"थंड आहे," ते जर्मनमध्ये म्हणाले. "आल रुसेल."

"आलं रुसतं म्हणजे काय हो?" मीनलने मला मराठीत विचारलं आणि फ्रीजमधून आल्याचा तुकडा काढून त्यांच्यापुढे धरला. सुगीरावांनी तो वास घेऊन अदबीने परत केला. मग उजवा हात उंच करून तो कोपरापासून बोटांपर्यंत असा काही नागमोडी फिरवला की मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेली माझी बायको किंचाळली, "अगो बाई, वाम!" जर्मनमधला 'आल' म्हणजे आपली वाम, सापासारखा लांबट मासा.

"वाम," सुगीराव म्हणाले. शब्द तोंडात घोळवून, चव बघून, पुन्हा म्हणाले, "वाम." त्यांचा हा पहिला मराठी शब्द. दुसरा शब्द त्यांना अण्णांनी दिला आणि त्यातून जे झालं ते सांगण्यासाठीच मी ही सगळी मैफल मांडली आहे. पण आधी माणूस नीट बघून घ्या.

सुगीराव गाड्यांची इंजिनं थंड ठेवणाऱ्या पाण्यावर काम करत. जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा एकच प्रश्न असे: इथे वाम जगेल का? ओकर नदीच्या पुलावरून जाताना ते थांबत, वाकून बघत आणि म्हणत, "जगेल, पण तक्रार करेल." पोहण्याच्या तलावाला त्यांनी एका करंगळीत नापास केलं. ऑफिसातली लांबलेली मीटिंग असो, आउसलेंडरबेहोर्डंची, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसाकचेरीची, वेटिंगरूम असो, निकाल ठरलेला: "ऑक्सिजन कमी. सगळ्या वामी वर येऊन तोंड उघडतील." आणि खरंच, तुम्ही आजूबाजूला बघितलं तर सगळे तोंड उघडे टाकूनच बसलेले असत.

मीनलच्या कणकेवर त्यांचा फार जीव. ती पोळ्यांना बसली की ते शेजारी उभे राहून परवानगी मागत, गोळ्यात बोट रुतवत आणि खोल आवाजात म्हणत, "ही माझ्या वामींनी आनंदाने खाल्ली असती." पहिल्यांदा मीनल फुरंगटली. तळ्यातल्या वामींना माशांच्या भुकटीची मळलेली कणीकच घालतात, आणि तो गोळा मऊ साधणं हे तिकडे घरंदाजपणाचं लक्षण आहे, हे कळल्यावर मात्र ती मला म्हणाली, "बघा. वीस वर्षांत तुम्हाला एकदा सुचलं का असं बोलायला?"

जपानात इश्शिकी नावाचं समुद्राकाठचं गाव आहे, तेच सुगीरावांचं. आपल्याकडे देवगड म्हटलं की पुढे हापूस म्हणावं लागत नाही, तसं तिकडे इश्शिकी म्हटलं की वाम. डोंगरातून आलेल्या नदीचं पाणी पाइपाने थेट तळ्यात घेतात. तळ्यांवर प्लास्टिकची छपरं, आत बारमाही उन्हाळा. हिवाळ्यात समुद्राकडून काचेसारखी आरपार दिसणारी पिल्लं येतात, ती धरून या पाण्यात वाढवायची. तळ्यातली वाम अंडी घालतच नाही. "आमची प्रत्येक वाम दत्तक आहे," सुगीराव सांगत, "म्हणून जास्त लाड."

लाड कसले, जागरण. पाण्यात हवा खेळवणारं चाक बंद पडलं तर बघता बघता अख्खं तळं मरतं. त्यामुळे वामवाल्याच्या घरात पुरता झोपलेला माणूस नसतो. "आई एका डोळ्याने झोपायची, वडील एका कानाने," सुगीराव म्हणत. आता ते चाक ऐकायला घरात एकच कान उरला होता: त्यांची थोरली बहीण फुमिको. तळी तिची, तळ्याकाठची छोटी खानावळ तिची, आणि वय सत्तरीकडे झुकलेलं. तिला मूलबाळ नाही. शेजारच्या शेतकऱ्याने तळी मागितली होती. पाणी काढून टाकायचं, माती भरायची आणि त्याच छपरांखाली स्ट्रॉबेरी लावायची.

सुगीरावांना परत जायचं होतं. नोकरी सोडून, तळी हातात घेऊन. पण ताई म्हणाली, "आधी कुशी दाखव."

कुशी म्हणजे शूल, सळई. चिरलेली वाम पंख्याने फुलवलेल्या निखाऱ्यावर धरण्याआधी तिच्यात सळया ओवतात. कातडी आणि मांस यांच्या बरोबर मधून. जरा वर गेली तर मांस गळून निखाऱ्यात, जरा खाली गेली तर कातडी फाटली. त्या धंद्यातली जुनी म्हण आहे: सळई तीन वर्षं, चिरणं आठ वर्षं, भाजणं जन्मभर. सुगीराव सळईची दोन वर्षं पुरी करून शिकायला म्हणून घरातून निघाले ते जर्मनीत पोचले. तिसरं वर्ष राहिलंच. आणि त्यांच्या वडिलांचा नियम होता की ज्याच्या हाताला कुशी कळत नाही त्याला वाम कळत नाही, आणि त्याने तळ्याला हात लावायचा नाही. ताई नियमाची पक्की. उन्हाळ्यात बैलाचा दिवस येतो तेव्हा अख्खा जपान वाम खातो. ती गर्दी सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, ती ब्राउनश्वाइगला येणार, भावाच्या हातची वाम खाणार, आणि ठरवणार.

"बैलाच्या दिवशी वाम?" मीनल म्हणाली. "आमच्यात त्या दिवशी बैलाला पुरणपोळी घालतात."

"बैलाला आवडते?" सुगीरावांनी गंभीरपणे विचारलं.

"त्याला कोण विचारतंय!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," सुगीराव म्हणाले. "वामीला पण."

त्या वसंतात मी एवढा भित्रा माणूस दुसरा पाहिला नाही. मे महिना लागला की या शहरात चौकाचौकांत स्ट्रॉबेरीच्याच आकाराच्या, लालभडक टपऱ्या उगवतात. सुगीराव टपरी दिसली की रस्ता ओलांडत. पलीकडेही टपरी असेल तर मान खाली घालून, मांजर आडवं गेल्यासारखे पुटपुटत जात. आणि दैव किती खवट असावं? सराव करायला त्यांनी गावाबाहेर भाड्याने क्लाइनगार्टन घेतली होती, म्हणजे छोटी बाग. बाल्कनीत धूर केला तर वरच्या फ्राऊ लेमान पोलिसांना फोन करतात म्हणून. त्या बागांच्या संघाचा नियम असा की एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यातच. आधीच्या भाडेकरूने तिथे काय लावून ठेवलं होतं ते मी सांगायला नको. सुगीराव रोज त्या स्ट्रॉबेरीला पाणी घालत आणि तिच्याकडे पाठ करून वांग्याच्या कापांत सळया ओवायला बसत. वाम महाग. सराव वांग्यांवर.

काप फाटत. रोज फाटत. हात थरथरत नव्हता, उलट दगडासारखा घट्ट होता. "वडील मागे उभे आहेत असं वाटतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली, अजून उभेच."

आणि इथे रंगमंचावर अण्णांचा प्रवेश होतो.

अण्णा माझे वडील. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर संस्कृत शिकवलं. मासा त्यांनी पंचतंत्रात वाचला, त्यापलीकडे ओळख नाही. एप्रिलमध्ये ते आमच्याकडे राहायला आले आणि पहिल्या आठवड्यातच या देशाच्या प्रेमात पडले, कारण त्यांना मिटाग्सरुह कळली. दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही, असं इथे घरमालक आणि बागांचे संघ चक्क लेखी देतात. "म्हणजे वामकुक्षीला कायद्याचं संरक्षण?" अण्णा थरारले. "अरे, हे सुसंस्कृत लोक आहेत. आपण उगाच यांना नुसते मोटारवाले समजलो."

एका रविवारी दीड वाजता सुगीराव अण्णांना भेटायला आले. हातात टॉवेल. मीनलने ओठांवर बोट ठेवून बंद दाराकडे खूण केली. आमच्या घरचे बरेच शब्द एव्हाना त्यांच्या कानावरचे झाले होते म्हणून ती सरळ मराठीत म्हणाली, "अण्णांची वामकुक्षी चाललीय."

सुगीरावांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. वाम त्यांना ठाऊक होती. कुशी तर त्यांच्या हाडात होती. वाम-कुशी! बंद दाराआड, साताऱ्याहून आलेले एक वृद्ध गृहस्थ, वामीत सळया ओवत होते. आतून अण्णांचं घोरणं येत होतं. संथ, खर्जातलं, करवतीसारखं पुढे-मागे. सुगीरावांनी चपला काढल्या, दारासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि कान देऊन ऐकत राहिले. मी चहा विचारला तर हाताने गप्प केलं.

तासाभराने दार उघडलं. बनियनमधले अण्णा, गालावर उशीची नक्षी, शेंडीच्या जागचे चार केस उभे. सुगीराव जमिनीपर्यंत वाकले. "सेन्सेई," ते म्हणाले. गुरुजी. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी कोणी नमस्कार केल्यामुळे अण्णांनी कारण न विचारता आशीर्वाद दिला.

मग प्रश्नोत्तरं झाली. सुगीरावांचं जर्मन, अण्णांचं मराठी आणि मधे मी. दुभाष्याने शब्दाला शब्द द्यावा, आपली अक्कल मिसळू नये, हे तत्त्व मी त्या दिवशी प्राणपणाने पाळलं.

"वामकुशी किती वर्षं करता?" सुगीरावांनी विचारलं.

"साठ," अण्णा म्हणाले. "एक दिवस चुकलेली नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. हा साक्षीला आहे."

सुगीरावांनी श्वास आत ओढला. "बांबूची की लोखंडी?"

"लोखंडी," अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे साताऱ्याची खाट. "बांबूची पाठीला टोचते."

"आमच्याकडेही लोखंडीच," सुगीराव भारावून म्हणाले. "आणि पंखा?"

"पंख्याशिवाय कसली वामकुक्षी? पण मंद हवा. जोरात सोडलात तर सगळा विचका."

"गेनाऊ! गेनाऊ!" सुगीराव माझा दंड दाबत म्हणाले. "आणि उलटता किती वेळा?"

"उलटायचं?" अण्णांचा स्वर वर्गातला झाला. "सारखी कूस बदलणाऱ्याला काय साधणार, कपाळ? एकदा डाव्या कुशीवर आलं की तसंच राहायचं."

डावी कुशी! सुगीराव काही क्षण स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. सळई ओवताना वामीवर पालथा ठेवतात तो हा हात. त्याच्या तळव्याला सळईचं टोक आतून कुठवर आलं ते कळतं. मग त्यांनी अगदी हळू आवाजात खरा प्रश्न विचारला. "आणि मागे वडील उभे असल्यासारखा घट्ट झालेला हात? त्याला काय करायचं?"

अण्णांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बिचाऱ्याला झोप लागत नाही, एवढं त्यांना कळलं. "हे बघा सुगीराव," ते म्हणाले, "ओढून आणायला गेलं की ती येत नाही. आधी खांदा सोडा. मग कोपर. मग बोटं. श्वास मोजू नका, नुसता ऐका. आणि मागे कोण उभं आहे याचा विचार करायचा नाही. जो उभा आहे, तो बसेल दमून."

शेवटचं वाक्य मी भाषांतरित केलं तेव्हा सुगीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पोटात दाबून धरलेलं हसू तिथेच विरलं, आणि खुलासा करायची वेळही निघून गेली. मीनल आत जाऊन तोंडात पदर कोंबून बसली होती. (पंजाबी ड्रेस होता. ओढणी म्हणा.)

त्या दिवसापासून सुगीरावांनी साताऱ्याच्या घराण्याची तालीम धरली. न उलटण्याच्या सिद्धांतापायी पहिल्या दिवशी सगळी वांगी एका बाजूने कोळसा झाली. अण्णांनी ती दही घालून भरीत म्हणून खाल्ली आणि तारीफ केली. पण सळई! खांदा सोडा, कोपर सोडा, असं मराठीतच पुटपुटत ते ओवायला लागले आणि काप फाटायचे थांबले.

फुमिकोताई आल्या. अंगाने वीतभर, नजर घारीची. एका हातात फोन, आणि तो हात कधीच रिकामा नाही. फोनवर इश्शिकीच्या तळ्यांचा आकडा दिसे: पाणी किती गरम, हवा किती. बोलता बोलता, जेवता जेवता त्यांची नजर खाली जाई आणि वर येई. "झोपेतही असंच," सुगीराव म्हणाले. बागेत त्यांनी चपलेच्या टोकाने दाखवलेला स्ट्रॉबेरीचा वाफा ताईंनी बघितला, एक पिकलेली तोडून खाल्ली आणि म्हणाल्या, "चांगली आहे." सुगीरावांचं तोंड राखेसारखं झालं.

श्टाइनहूडच्या तळ्याकाठच्या मच्छीमाराकडून वामी चिरून आणल्या होत्या. एक वाजला. सगळ्या बागांमध्ये मिटाग्सरुह लागली. कात्र्या थांबल्या, रेडिओ थांबले. सफरचंदाच्या झाडाखाली मीनलने अण्णांसाठी चटई अंथरली होती, वर उशी; पण अण्णा अजून वांग्याचा प्रसाद मिळायचा म्हणून बसून होते.

सुगीरावांनी डावा हात वामीवर ठेवला. खांदा खाली आला. कोपर खाली आलं. सळई आत शिरली आणि कुठे गेली ते आम्हाला दिसलंच नाही, नुसती वाम सरळ होत गेली. ताई बघत होत्या. फोनकडे नाही, हाताकडे. मग निखारे, मंद पंखा, रसात बुडवून पुन्हा निखाऱ्यावर, आणि असा वास सुटला की कुंपणापलीकडे एक जर्मन आजोबा खुर्चीसकट आमच्याकडे वळले.

ताईंनी खाल्लं. भातासकट, शेवटच्या शितापर्यंत. काड्या आडव्या ठेवल्या, रिकामी सळई उचलून उन्हात धरली. तिला मांसाचा कण चिकटलेला नव्हता. सुगीराव पंखा छातीशी धरून उभे. मीनलने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्याच खांद्याला अण्णांच्या उपदेशाची गरज पडली.

ताई उठल्या. भावापाशी गेल्या. हातातला फोन त्यांनी त्याच्या हातात ठेवला आणि त्याची बोटं त्याभोवती मिटवली. जपानीत दोन-तीन शब्द बोलल्या. मग अण्णांच्या चटईकडे चालत गेल्या, उशी सारखी केली, डाव्या कुशीवर वळल्या, आणि आम्ही एकमेकांकडे बघेपर्यंत गाढ झोपल्या. तोंड थोडं उघडं. दोन्ही डोळे बंद.

"काय म्हणाल्या?" मी कुजबुजलो.

सुगीरावांनी मुठीतल्या फोनकडे पाहिलं. "म्हणाली, आता तू ऐक."

चटई गेलेली, उशी गेलेली, आणि अण्णा खुर्चीत ताठ बसलेले. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांची चुकत होती. पण त्यांनी झोपलेल्या ताईंकडे पाहिलं, पसंतीची मान डोलावली आणि अगदी हळू, गुरुजींनी उत्तम विद्यार्थ्याचा पेपर दाखवावा तसं, बोट दाखवून म्हणाले, "वामकुक्षी."

सुगीरावांनी त्या बोटाकडे पाहिलं. मग ताईंकडे, डाव्या कुशीकडे. मग रिकाम्या सळईकडे. मग माझ्याकडे. सगळी गणितं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून सुटताना मला दिसली: खाट, पंखा, घोरणं, सगळी. ते आता मला सळईने भोसकतील अशी माझी खात्री झाली. पण मिटाग्सरुह होती. त्यांचं हसू आवाजाविना आलं. खांदे हलले, डोळे वाहिले, हातातल्या फोनवरचं बोट मात्र ढळलं नाही. मग ते अण्णांपुढे पुन्हा वाकले. पहिल्यापेक्षा खाली.

साठलेला सगळा उरलाउब, म्हणजे रजा, एकदम काढून पुढच्याच आठवड्यात ते ताईंबरोबर निघाले. राजीनामा मागून सावकाश लागू झाला. स्टेशनवर आम्ही तिघं गेलो होतो. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा आली आणि आल्या आल्या सुटायची घाई करायला लागली. काचेपलीकडे सुगीराव बसले होते. समोरच्या फळीवर स्ट्रॉबेरीची टोपली, अर्धी संपलेली. ताईंचं डोकं भावाच्या खांद्यावर कलंडलं होतं. सुगीराव मात्र ताठ, फोन हातात, नजर खाली जात होती आणि वर येत होती.

"येत जा हो सुगीराव!" अण्णा प्लॅटफॉर्मवरून साताऱ्याच्या आवाजात ओरडले. "वामींना नमस्कार सांगा!"

सुगीरावांनी दचकून वर पाहिलं, खांद्यावरच्या बहिणीकडे पाहिलं, आणि करंगळी ओठांवर ठेवली. गाडी हलली. काचेतून आवाज येत नव्हता, पण त्यांचे ओठ मला स्वच्छ दिसले. ते अण्णांना दटावत होते, "शूऽऽ. वामकुक्षी."